तिरस्कृतांची कृपायाचना : हिब्रू स्तोत्र १२३ याचा पाठ व अर्थ

जुन्या पोथ्यांचा संग्रह व अभ्यास करणाऱ्यांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. ग्रंथ जितका मोठा तितके त्यांतील पाठभेद अधिक, हें खरें. परंतु कित्येकदां चार श्लोकांच्या लहानशा स्तोत्रांतील एकच अक्षर सबंध स्तोत्राच्या अर्थाला वेगळें वळण देऊं शकतें. प्रस्तुत लेखांत अशाच एका स्तोत्राचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. यहुदी व ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्रांत दीडशें स्तोत्रांचा एक संग्रह आहे. हिब्रू भाषेंत त्यास ‘तेहिलीम’ म्हणतात. मराठी बायबलांत त्याचें नांव ‘स्तोत्रसंहिता’ असें आहे. या संहितेंतील १२३ वें स्तोत्र अवघ्या चार श्लोकांचें आहे. उपहास व तिरस्कार सोसून थकलेला एक जनसमूह ईश्वराजवळ कृपा मागत आहे, एवढाच त्याचा विषय. परंतु ही याचना करणारे लोक आपल्या निंदकांचें अनिष्ट चिंतितात कीं केवळ स्वतःसाठीं कृपा मागून थांबतात, हा प्रश्न स्तोत्राच्या अखेरच्या शब्दांवर अवलंबून आहे. आणि त्या शब्दांचा पाठ व विभक्ति या दोहोंविषयीं प्राचीन काळापासून मतभेद आहे. तेव्हां हा वाद केवळ वैयाकरणांचा नव्हे. अपमान सोसणाऱ्या माणसानें प्रार्थनेंत काय मागावें, हा त्याच्या मुळाशीं असलेला खरा प्रश्न होय.

१. स्तोत्राचें स्थान

संहितेंतील १२० पासून १३४ पर्यंतच्या पंधरा स्तोत्रांच्या शिरोभागीं ‘आरोहणाचें गीत’ अशा अर्थाचें नांव आढळतें. ‘आरोहण’ या अर्थाच्या मूळ हिब्रू शब्दाचे ‘चढण’ आणि ‘पायरी’ असे दोन्ही अर्थ होतात, म्हणून या नांवाची उपपत्ति निरनिराळ्या प्रकारांनीं लावण्यांत आली आहे. वल्हांडण, सप्ताहांचा सण व मांडवांचा सण या तीन वार्षिक उत्सवांसाठीं यरुशलेमचा डोंगर चढून जाणारे यात्रेकरू हीं गीतें गात, हें बहुमान्य मत. मंदिराच्या दोन प्रांगणांमध्यें पंधरा पायऱ्या होत्या, आणि त्यांची संख्या या पंधरा गीतांशीं जुळते, असा उल्लेख यहुद्यांच्या मिश्ना ग्रंथांत आहे. बाबेलच्या बंदिवासांतून परत येण्यास एज्राच्या पुस्तकांत हाच शब्द योजिला आहे, म्हणून कांहींजण हीं परतलेल्यांचीं गीतें समजतात. चौथी उपपत्ति काव्यशास्त्राच्या अभ्यासकांस विशेष रुचेल. या गीतांतून एका चरणांतील शब्द पुढील चरणांत पुन्हां घेऊन पायरीपायरीनें अर्थ वर नेण्याची लकब वारंवार दिसते. आपल्याकडे दामयमकांत मागील चरणाचा अंत्य शब्द पुढील चरणाच्या आरंभीं येतो, त्याच कुळांतली ही रचना म्हणतां येईल. मात्र येथें यमकाचा हेतु नसून अर्थाच्या चढाचा हेतु आहे.

ग्रीक व लॅटिन बायबलांत हेंच स्तोत्र १२२ वें म्हणून गणलें जातें, कारण हिब्रू पाठांतील ९ व १० हीं दोन स्तोत्रें तेथें एकत्र केलेलीं आहेत. जुनीं लॅटिन पुस्तकें हाताळणाऱ्या संग्राहकांनीं हा एका अंकाचा फरक ध्यानांत ठेवावा. अन्यथा भलत्याच स्तोत्राची तुलना केली जाण्याचा संभव आहे.

२. आशय व शब्दयोजना

स्तोत्राचा आरंभ एकवचनांत होतो. एक मनुष्य आपले डोळे वर, आकाशांत आसनस्थ असलेल्या ईश्वराकडे लावतो. दुसऱ्या श्लोकांत दोन उपमा येतात: चाकरांचे डोळे जसे धन्याच्या हाताकडे, दासीचे डोळे जसे मालकिणीच्या हाताकडे, तसे आमचे डोळे ईश्वराकडे, आणि तेहि तो कृपा करीपर्यंत. येथें एकवचन जाऊन बहुवचन आलें. एकाची प्रार्थना सर्वांची झाली. तिसऱ्या श्लोकांत कृपेची याचना दोनदां होते व तिचें कारण सांगितलें जातें कीं तिरस्कारानें आम्ही पुरेपूर भरलों आहों. चौथ्यांत तेंच कारण विस्तारानें येतें: सुखवस्तु लोकांचा उपहास आणि गर्विष्ठांचा तिरस्कार यांनीं आमचा जीव भरून गेला आहे. येथेंच स्तोत्र संपतें. ईश्वरानें उत्तर दिलें कीं नाहीं, उपहास थांबला कीं नाहीं, हें स्तोत्र सांगत नाहीं.

चार श्लोकांच्या अवकाशांत ‘डोळे’ हा शब्द चार वेळां, ‘हात’ दोन वेळां, कृपावाचक धातु तीन वेळां, आणि तिरस्कारवाचक ‘बूझ’ हा शब्द दोन वेळां आला आहे. हें पुनरुक्तीचें दूषण नव्हे. थकलेला मनुष्य नवे शब्द शोधीत नाहीं. तेच तेच शब्द पुन्हां उच्चारतो.

कृपावाचक धातु ‘ह-न-न’ हा होय. हिब्रू भाषेंत दयेचे अनेक शब्द आहेत व ते एकमेकांच्या जागीं योजण्यासारखे नाहींत. ‘रहमीम’ हा शब्द गर्भाशयवाचक ‘रेहेम’ या शब्दाशीं संबद्ध मानला जातो, म्हणून त्यांत आईच्या कळवळ्याची छटा आहे. ‘हेसेद’ म्हणजे करारानें किंवा नात्यानें बांधलेल्या दोघांमधील निष्ठा. ‘ह-न-न’ या धातूंत मात्र नात्याचा हक्क नाहीं; वरच्यानें खालच्याकडे आपण होऊन केलेलें अवलोकन त्यांत आहे. संस्कृतांत त्यास ‘अनुग्रह’ हा शब्द सर्वांत जवळचा. ‘कृपा’ हाहि चालेल. आणि ज्याला ‘कृपण’ म्हणजे मूळ अर्थानें दीन म्हणतात त्याच्या अवस्थेशीं तो शब्द जुळलेला आहे हें विसरतां कामा नये. सारांश, स्तोत्रांतील लोक हक्क सांगत नाहींत, कराराची आठवण देत नाहींत, आपलें पुण्यहि पुढें करीत नाहींत. पापाची कबुलीहि येथें नाहीं. फक्त डोळे लावून बसणें आहे.

तिरस्कारासाठीं दोन शब्द आले आहेत. ‘लाअग’ म्हणजे तोंडानें व हावभावानें केलेली थट्टा, वेडावणें. ‘बूझ’ म्हणजे मनुष्यास तुच्छ लेखणें. पहिलें कानांस ऐकूं येतें. दुसरें नुसत्या नजरेनेंहि करतां येतें. ‘भरून गेलों’ या अर्थाचें जें क्रियापद आहे तें मूळचें पोटभर जेवण्याचें आहे, आणि ‘जीव’ या अर्थाच्या ‘नेफेश’ शब्दाचा एक जुना अर्थ कंठ असाहि होतो. मराठींत आपण ‘अपमान गिळला’ असें म्हणतों. स्तोत्रकर्त्याची कल्पना तीच आहे. अन्नानें तृप्त व्हावें त्या ठिकाणीं हे लोक अपमानानें तुडुंब झाले आहेत. ‘विलापगीत’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांतहि निंदेनें पोट भरण्याची हीच कल्पना याच धातूनें मांडलेली आहे.

उपहास करणाऱ्यांस ‘शाअननीम’ म्हटलें आहे. हा शब्द स्वतः वाईट नाहीं. यशयाच्या पुस्तकांत एके ठिकाणीं यरुशलेमच्या शांत वस्तीला तो स्तुतिपर लावलेला आहे; परंतु आमोसानें तोच शब्द सियोनेंत निश्चिंत पडून असलेल्या ऐषआरामी लोकांस निषेधानें लाविला आहे. म्हणजे ज्याला कांहींच टोचत नाहीं असा मनुष्य. स्तोत्रकर्त्यानें निंदकांस दुष्ट, हिंसक किंवा लुटारू म्हटलेलें नाहीं. सुखांत असलेले म्हटलें आहे. उपहास हा पुष्कळदां द्वेषांतून न उपजतां स्वास्थ्यांतून उपजतो, हें मर्म त्यानें एका शब्दांत धरलें आहे.

३. हाताकडे लागलेले डोळे

दुसऱ्या श्लोकांतील उपमेचा अर्थ कसा घ्यावा याविषयीं टीकाकारांत तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, धनी हाताच्या खुणेनें आज्ञा करितो, म्हणून चाकराचे डोळे त्या खुणेकडे असतात. दुसरा पक्ष म्हणतो, अन्नवस्त्र त्याच हातांतून मिळतें, म्हणून डोळे दानाकडे असतात. तिसरा पक्ष म्हणतो, मारणारा हातहि तोच. डोळे त्या हाताकडे तो थांबावा म्हणून असतात.

येथें ‘उत्पत्ति’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायांतील हागारेची कथा साह्यास येते. त्या कथेंत दासी, मालकीण, डोळे व हात हे चारहि शब्द एकत्र येतात. गर्भवती झालेली दासी हागार आपल्या मालकिणीला डोळ्यांनीं तुच्छ लेखूं लागते. अब्राम मालकिणीला सांगतो कीं तुझी दासी तुझ्या हातांत आहे. मालकीण तिला गांजते व ती रानांत पळून जाते. तेथें दूत तिला मालकिणीच्या हाताखालीं परत जाण्यास सांगतो. पुढें आपल्याकडे पाहणारा ईश्वर, अशा अर्थाचें नांव हागार ईश्वराला देते. या कथेंतील हात दान देणारा नाहीं; तो सत्तेचा हात आहे, आणि प्रसंगीं तो छळतोहि. तेव्हां स्तोत्रांतील ‘हात’ म्हणजे केवळ औदार्य असें समजणें भाबडेपणाचें होईल.

तथापि तीन पक्षांपैकीं एक निवडून दुसरे दोन टाकण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. ‘कृपा करीपर्यंत’ हे शब्द उपमेच्या शेवटीं असल्यामुळें उपमेचा साधारण धर्म स्तोत्रानेंच सांगून टाकला आहे. तो म्हणजे न ढळणारी प्रतीक्षा. हात आज्ञा देवो, अन्न देवो वा दंड देवो, दुसरीकडे पाहण्यासारखें कांहीं नाहीं, एवढेंच त्या डोळ्यांस ठाऊक आहे. त्यांत आणखी एक खोंच आहे. जे डोळे हाताकडे लागलेले आहेत ते थट्टा करणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत नाहींत.

४. शेवटच्या शब्दाचा पाठ

आतां पाठभेदाकडे वळूं. चौथ्या श्लोकांतील शेवटचा शब्द हिब्रू पोथ्यांत एक लिहिलेला आहे व दुसरा वाचावयाचा आहे. तिबेरियाच्या परंपरेंतील मासोरा पंडितांनीं, म्हणजे पाठरक्षकांनीं, परंपरेनें आलेल्या व्यंजनांस हात न लावण्याचा कडक नियम पाळला. लिहिलेलें एक व परंपरेनें उच्चारावयाचें दुसरें असा प्रसंग येई, तेव्हां मूळ अक्षरें तशींच ठेवून उच्चारावयाच्या शब्दाचे स्वर त्यांस दिले जात व खुलासा समासांत लिहिला जाई. पहिल्यास ‘केथीव’ म्हणजे लिखित, व दुसऱ्यास ‘केरे’ म्हणजे वाच्य असें म्हणतात. इ. स. १००८ च्या सुमारास कैरो येथें लिहिलेली व सध्यां सेंट पीटर्सबर्ग येथें असलेली संपूर्ण हिब्रू बायबलाची जी प्रसिद्ध पोथी आहे, ती याच तिबेरियन परंपरेंतली होय. आपल्या पोथ्यांतील हरताळ लावून केलेल्या दुरुस्तीशीं हें ताडून पाहण्यासारखें आहे: हरताळानें चुकीचें अक्षर झांकलें जातें, मासोरा पंडितांनीं संशयित अक्षरहि झांकलें नाहीं.

प्रस्तुत स्थळीं लिखित पाठ ‘गेएयोनीम’ असा एकच शब्द आहे; त्याचा अर्थ ‘गर्विष्ठ’. वाच्य पाठ ‘गेए योनीम’ असा दोन शब्दांचा आहे. त्याचा अर्थ ‘छळ करणाऱ्यांपैकीं गर्विष्ठ’ असा होतो. पहिल्यांत निंदकांचा फक्त स्वभाव सांगितला आहे, दुसऱ्यांत त्यांचें कृत्यहि. ‘योनीम’ या उच्चाराचा सामान्य अर्थ ‘पारवे’ असल्यानें येथें धातूचा आश्रय करून ‘छळणारे’ असा अर्थ घ्यावा लागतो. ग्रीकांस हिब्रूंत ‘येवानीम’ म्हणतात. त्याच्या अक्षरसाम्यामुळें ‘गर्विष्ठ ग्रीक’ असा ध्वनि काढून स्तोत्र ग्रीक सत्तेच्या काळांत नेण्याचाहि प्रयत्न झाला आहे, पण एका श्लेषावर काळनिर्णयाचा एवढा भार घालणें आम्हांस सुरक्षित वाटत नाहीं.

दोन पाठांत फरक फक्त एका ‘योद’ अक्षराचा. दोन शब्दांच्या पाठांत पहिल्याच्या अंतीं व दुसऱ्याच्या आरंभीं तें अक्षर लागोपाठ येतें. एका शब्दाच्या पाठांत तें एकदांच आहे. सारखीं दोन अक्षरें जवळ आलीं असतां लेखकाच्या हातून एक गळणें हा प्रमाद देवनागरी व मोडी पोथ्या वाचणाऱ्या प्रत्येकानें पाहिला असेल. उलट, एका अपरिचित शब्दाचे दोन परिचित शब्द पाडून अर्थ सुलभ करणें ही वाचकांची प्रवृत्तिहि तितकीच जुनी. वेदांचा संहितापाठ व पदपाठ यांचा ज्यांनीं अभ्यास केला आहे त्यांस पदच्छेद हाच पहिला अर्थनिर्णय असतो हें सांगण्याची गरज नाहीं. आमचा कल लिखित पाठाकडे आहे. ‘सुखवस्तु’ या एका शब्दासमोर ‘गर्विष्ठ’ हा एकच शब्द ठेवल्यास चरणांचा तोल साधतो, आणि दुर्बोध शब्दाचा सुबोध होणें जितकें स्वाभाविक आहे तितकें सुबोधाचा दुर्बोध होणें नाहीं.

मृत समुद्राजवळील कुमरान येथें इ. स. १९५६ मध्यें अकराव्या गुहेंत स्तोत्रांची एक मोठी चर्मगुंडाळी सांपडली. ती १९६५ सालीं प्रसिद्ध झाली. लिपीच्या वळणावरून ती ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांतील मानतात, म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या पोथीहून सुमारें साडेनऊशें वर्षें जुनी. आरोहणगीतांपैकीं बहुतेक तींत क्रमानें आलीं आहेत व आपलें स्तोत्र त्यांत आहे. मात्र शेवटचीं दोन म्हणजे १३३ व १३४ तेथें दूर, वेगळ्या जागीं आहेत. त्या गुंडाळींत ईश्वराचें नांव भोंवतालच्या अक्षरांहून निराळ्या, प्राचीन हिब्रू वळणाच्या लिपींत लिहिलें आहे. म्हणजे गीतांचा क्रम त्या काळीं सर्वत्र एक नव्हता. नांवाचें पावित्र्य मात्र लेखणीच्या वळणांतहि जपलें जात होतें.

५. षष्ठी कीं चतुर्थी

पाठाहून विभक्तीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘गर्विष्ठ’ या शब्दामागें ‘ल’ हा उपसर्ग लागलेला आहे. हिब्रूंत तो संबंध दाखवितो व संप्रदानहि दाखवितो. म्हणजे ‘गर्विष्ठांचा तिरस्कार’ असाहि अर्थ होईल व ‘गर्विष्ठांस तिरस्कार’ असाहि होईल. प्राकृतांत चतुर्थीचें काम षष्ठी करूं लागली हें जाणणाऱ्यांस ही संदिग्धता परकी वाटणार नाहीं.

ख्रिस्तपूर्व काळांत झालेल्या ग्रीक भाषांतरांत, ज्यास ‘सत्तरांचें भाषांतर’ म्हणतात, ‘सुखवस्तु’ व ‘गर्विष्ठ’ हे दोन्ही शब्द संप्रदानाच्या विभक्तींत घातलेले आहेत. ग्रीकवरून झालेल्या लॅटिन पाठांतहि तसेंच. त्यामुळें तो पाठ वाचणाऱ्यास अखेरचा चरण इच्छार्थी समजणें शक्य होतें: उपहास व तिरस्कार त्या सुखवस्तूंच्या व गर्विष्ठांच्या वांट्यास जावो! चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या पंडितानें मूळ हिब्रूवरून स्तोत्रांचें जें वेगळें लॅटिन भाषांतर केलें त्यांत मात्र त्यानें दोन्ही ठिकाणीं षष्ठी योजिली. पाश्चात्य चर्चच्या उपासनेंत ग्रीकवरून आलेला पाठच रूढ राहिला. याप्रमाणें शतकानुशतकें एकाच धर्मांत एकाच स्तोत्राचे दोन शेवट नांदत होते: एक गाऱ्हाण्याचा, एक शापाचा.

आमच्या मतें गाऱ्हाणें हाच मूळ अर्थ होय. पहिलें कारण असें कीं ‘उपहास’ व ‘सुखवस्तु’ या शब्दांमध्यें तो उपसर्ग नाहींच. तेथें संप्रदान घेण्यास हिब्रू पाठांत आधार नाहीं. ‘उपहास’ या शब्दास निश्चयवाचक उपपद लागलें असल्यामुळें व्याकरणदृष्ट्या तो षष्ठीसमास थोडा अवघडलेला आहे हें खरें, आणि ग्रीक भाषांतरकारांची वाट कदाचित् तेथेंच चुकली असावी. दुसरें कारण असें कीं ‘आमचा जीव भरून गेला’ या वाक्यास कशानें भरला हें सांगणारें पद हवें, तें हेंच. त्यास तोडून निराळें इच्छार्थी वाक्य केलें तर मागलें वाक्य अधांतरीं राहतें.

तिसरें कारण संहितेंतूनच मिळतें. दुसऱ्या स्तोत्रांत आकाशांत बसलेला ईश्वर पृथ्वीवरील राजांस हंसतो व त्यांची थट्टा करितो असें वर्णन आहे. तेथें ‘आकाशांत बसणारा’ हे शब्द आहेत व थट्टेचा धातु प्रस्तुत स्तोत्रांतलाच आहे. म्हणजे वरच्यानें थट्टेखोरांचीच थट्टा करावी अशी प्रार्थना करण्याची वाट स्तोत्रकर्त्यापुढें मोकळी होती. त्यानें ‘आकाशांत बसणारा’ हें विशेषण घेतलें, ‘लाअग’ हा शब्दहि घेतला, आणि त्या दोहोंच्या मध्यें कृपेची याचना ठेविली. प्रतिउपहास त्यानें मागितला नाहीं.

६. नहेम्याशीं साम्य व भेद

स्तोत्रांत राजाचें, शत्रूचें वा गांवाचें नांव नाहीं. तथापि अनेकांनीं तें नहेम्याच्या काळाशीं जोडलें आहे. इराणचा सम्राट अर्तहशश्त याचा प्यालेबरदार नहेम्या हा त्याच्या विसाव्या वर्षीं, म्हणजे सामान्यतः मानतात त्याप्रमाणें ख्रि. पू. ४४५ मध्यें, यरुशलेमचा पडका तट बांधण्यास आला. तेव्हां सनबल्लट, तोबीया व गेशेम यांनीं त्या लोकांचा उपहास व तिरस्कार केला असें त्याच्या पुस्तकांत आहे, आणि तेथें स्तोत्रांतल्याच दोन धातूंचा उपयोग आहे. कोल्हा चढला तरी हा तट ढांसळेल, अशी तोबीयानें केलेली थट्टाहि नमूद आहे. तट ५२ दिवसांत पुरा झाला.

सनबल्लट हा कल्पित पुरुष नव्हे. मिसर देशांत नाईल नदींतील एलेफंटाइन बेटावर यहुदी शिपायांची वसाहत होती. तेथील पपायरसावरचे आरामी भाषेंतील कागद विसाव्या शतकाच्या आरंभीं उजेडांत आले. त्यांत ख्रि. पू. ४०७ मधील एक अर्ज आहे. त्याच्या दोन प्रती सांपडल्या. त्या अर्जांत शोमरोनचा सुभेदार सनबल्लट याच्या दोन मुलांचीं नांवें आहेत. धर्मग्रंथांतील उपहास करणाऱ्या मनुष्याचें नांव अशा सरकारी कागदांत पिढीच्या अंतरानें भेटावें, हा योग संशोधकांस आनंद देणारा आहे.

परंतु शब्दसाम्यावरून काळ ठरविण्यापूर्वीं भेदहि पाहिला पाहिजे. नहेम्यानें उपहास ऐकून केलेली प्रार्थना त्याच्या चौथ्या अध्यायांत दिली आहे. तींत ती निंदा निंदकांच्याच मस्तकीं उलटावी, त्यांची लूट व्हावी व त्यांच्या अपराधावर पांघरूण पडूं नये असें मागितलें आहे. शब्द तेच, दुःख तेंच, मागणी मात्र निराळी. शिवाय भाषेचा पुरावा दुटप्पी आहे. स्तोत्रांत ‘पर्यंत’ या अर्थाच्या रचनेंत जें संबंधी अव्यय आलें आहे तें उत्तरकालीन हिब्रूंत विशेष रूढ; उलट ‘बसणारा’ या पदाचा अन्त्य स्वर जुन्या काव्यभाषेचा. दोन्ही खुणा एकाच चार श्लोकांत असल्यामुळें काळाविषयीं आग्रह धरूं नये हें बरें. ज्या समाजास उपहास सोसावा लागला त्या प्रत्येकास हें स्तोत्र आपलें वाटलें, याचें एक कारण त्यांत कोणाचेंच नांव नाहीं हेंहि असावें.

हेंच शब्द पुढें दुसऱ्या प्रसंगींहि भेटतात. २२ व्या स्तोत्रांत लोकांनीं तुच्छ लेखलेला व पाहणाऱ्यांनीं वेडावलेला एक पीडित बोलतो. ख्रिस्ताच्या वधस्तंभाच्या वर्णनांत शुभवर्तमानकारांनीं त्याचा आधार घेतला आहे. आणि मार्काच्या दहाव्या अध्यायांत यरीहो गांवाबाहेर, यरुशलेमास चढून जाणाऱ्या वाटेवर, बार्तीमय नांवाचा आंधळा भिकारी कृपेची हांक मारतो. लोक त्यास गप्प बसण्यास दटावतात. तो अधिकच ओरडतो. त्याची हांक ज्या ग्रीक क्रियापदांत आहे तेंच क्रियापद आपल्या स्तोत्राच्या ग्रीक पाठांत आहे. वाट यात्रेची, याचना तीच; फक्त वर लावण्यास त्या मनुष्याजवळ डोळे नव्हते.

७. आपल्याकडील विचाराशीं तुलना

संस्कृतज्ञ वाचकास येथें एक मोह होण्यासारखा आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्राह्मणानें सन्मानास विषासारखें भ्यावें व अवमानाची अमृतासारखी इच्छा धरावी असा उपदेश आहे. पाशुपतसूत्रांत तर साधकानें मुद्दाम लोकांकडून अपमान ओढवून घ्यावा असें व्रत सांगितलें आहे. त्या सूत्रांचा कौण्डिन्यकृत भाष्यासह पाठ १९४० सालीं त्रिवेंद्रम येथें छापला गेला. हे ग्रंथ मनांत असलेला वाचक प्रस्तुत स्तोत्रांतहि तितिक्षेचा उपदेश शोधूं लागेल. तो तेथें नाहीं. स्तोत्रांतील लोकांस अपमान अमृत वाटत नाहीं. त्यांस तो अतिशय झाला आहे व तसें ते स्पष्ट बोलतात. अपमान गोड मानणें ही ज्यानें मान स्वेच्छेनें टाकला त्याची साधना होय. ज्याला मान कधीं मिळालाच नाहीं त्याच्यापुढें ती ठेवणें क्रौर्याचें होईल. स्तोत्र या दोहोंच्या मधली वाट दाखवितें: दुःख नाकारूं नये, सूडहि मागूं नये, आणि डोळे हलवूं नयेत.

८. मराठी भाषेशीं संबंध

हें स्तोत्र मराठी भाषेस परकें राहिलेलें नाहीं. अमेरिकन मिशनचें संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्यें पुरें झालें. पंडिता रमाबाई यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून केलेलें सोप्या मराठींतील भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ सालीं, केडगांवच्या मुक्ति मिशनांतून प्रसिद्ध झालें. ज्या विदुषीस १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिच्याच वांट्यास पुढें स्वकीयांचा उपहास किती आला हें महाराष्ट्रास ठाऊक आहे.

परंतु सर्वांत जवळचा संबंध कोंकणांतील बेने इस्राएल समाजाचा. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नांवानें ओळखले जाणारे हे यहुदी लोक घरीं मराठी बोलत आले. जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें मुंबईंत हिब्रू व्याकरणाचें मराठी पुस्तक काढलें तें याच समाजासाठीं. पुढें जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनीं हिब्रू प्रार्थनापुस्तकें मराठींत आणलीं. १९४८ नंतर या समाजांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएल देशास गेलीं. तिकडे जाण्यास जो ‘आलिया’ हा शब्द आहे, तो आरोहणगीतांतील ‘आरोहण’ या शब्दाच्याच धातूपासून निघाला आहे. चढून गेलेल्या या लोकांस तेथें काय भेटलें? १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें त्यांच्या विवाहप्रसंगीं पूर्वजांची विशेष चौकशी करण्याचा आदेश काढला. त्यांच्या यहुदीपणाविषयींच संशय घेतला गेला. १९६४ सालीं त्यांनीं यरुशलेमांत आंदोलन केलें, संसदेनें त्यांच्या बाजूनें ठराव केला, आणि आदेशांतून त्यांचा नामनिर्देश काढण्यांत आला. यात्रेकरूंच्या गीतसंग्रहांत गाऱ्हाण्याचें गीत कशास, असें जो विचारील त्यास हा इतिहास उत्तर देतो. वाट चढून पवित्र नगरींत पोहोंचल्यावरहि उपहास भेटूं शकतो, आणि तो परक्यांचाच असतो असें नाहीं.

येणेंप्रमाणें स्तोत्राचा पाठ, त्याची विभक्ति व त्याचें तात्पर्य यांविषयीं आम्हांस जें वाटलें तें मांडलें आहे. शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. मुंबई, पुणें व कुलाबा प्रांतांतील जुन्या घरांतून बेने इस्राएल समाजाचीं हिब्रू-मराठी प्रार्थनापुस्तकें व हस्तलिखित वह्या अद्यापि मिळण्याचा संभव आहे. घरें रिकामीं होतांना असा कागद रद्दींत जातो. ज्यांच्या हातीं असें पुस्तक येईल त्यांनीं आरोहणगीतांचें पान उघडून १२३ व्या स्तोत्राचा शेवटचा शब्द एक आहे कीं दोन, आणि मराठींत ‘गर्विष्ठांचा’ केलें आहे कीं ‘गर्विष्ठांस’, एवढें पाहून टिपून ठेवावें. त्या एका प्रत्ययावरून, अपमान सोसलेल्या आपल्या मराठी यहुदी बांधवांनीं तें गाऱ्हाणें म्हणून म्हटलें कीं शाप म्हणून, याची साक्ष मिळेल. आणि ती साक्ष पाठभेदांच्या कोणत्याहि यादीहून मोलाची ठरेल.